न रुसलेला माणूस

माणसाचा चेहरा आपल्याला वाचता येतो, असं मी नोकरीची सगळी वर्षं समजत होतो. भिंगारच्या एका शाळेत मी भूगोल शिकवायचो, पण परीक्षेच्या दिवसांत माझी ख्याती भूगोलापेक्षा पर्यवेक्षक म्हणून जास्त होती. वर्गात पाऊल टाकताच कॉपी कुणाकडे आहे ते सरांना कळतं, असं मुलं म्हणायची. मी ते कधी खोडून काढलं नाही. खरं तर मी पाच मिनिटं सगळ्यांकडे टक लावून बघायचो आणि जो घाबरेल त्याला उभं करायचो. घाबरलेल्यांपैकी निम्म्यांकडे काहीच सापडायचं नाही. ती मुलं मी विसरून जायचो आणि सापडलेली लक्षात ठेवायचो. ख्याती बहुधा अशीच तयार होते.

दादा म्हणजे माझे थोरले भाऊ. माझ्याहून बारा वर्षांनी मोठे. नेवाशाच्या बाजूला आमचं गाव आहे, तिथली ऊस-कांद्याची शेती तेच बघायचे. वडील लवकर गेले, त्यामुळे माझी शाळा, कॉलेज, बी.एड. हे सगळं दादांनी केलं. मी त्यांना अहो म्हणायचो, ते मला अरे म्हणायचे. बोलायचे कमी, हसायचे जास्त. आधी डावा गाल वर जायचा, मग जरा वेळाने उजवा, आणि तोवर समोरचाही हसायला लागलेला असायचा.

मी निवृत्त झालो त्याच वर्षी मुलीचं लग्न ठरलं. नगर-मनमाड रस्त्यावरचं लॉन्स घेतलं. आमच्या जिल्ह्यात मुहूर्त पत्रिकेवर छापलेला असतो आणि लग्न माइकवाल्या निवेदकाच्या हातात असतं. शेवटच्या पुढाऱ्याचे शुभाशीर्वाद संपल्याशिवाय मंगलाष्टकं सुरू होत नाहीत. या प्रकाराची मी स्टाफरूममध्ये आयुष्यभर टिंगल केली होती. स्वतःच्या मुलीच्या लग्नात मात्र सत्काराची यादी मीच तयार केली आणि ती सुवाच्य अक्षरात निवेदकाला दिली. चौतीस नावं होती. दादांचं नाव सतरावं होतं. त्यांच्या आधी दोन माजी सभापती होते. त्यातले एक आलेच नव्हते, त्यांचा फेटा त्यांच्या ड्रायव्हरने बांधून घेतला.

नावं पुकारली जात असताना माझं लक्ष पहिल्या रांगेतल्या दादांकडे गेलं. चेहरा दगडासारखा होता. ओठ मिटलेले, नजर समोर, पापणीसुद्धा हलत नव्हती. मांडवात सगळे हसत होते, त्यात तो एक चेहरा भिंतीवरच्या न पुसलेल्या डागासारखा दिसत होता. मला लगेच कळलं. म्हणजे कळलं असं वाटलं. दादा रुसले होते.

आमच्याकडे लग्नात कुणीतरी रुसावं लागतंच. कधी मामा, कधी आत्या, कधी जुना जावई. रुसलेल्याचं तोंड बघून कारण ओळखायचं आणि मान देऊन त्याला उठवायचं, हे काम येणारी दोन-चार जाणती माणसं प्रत्येक भावकीत असतात. आमच्याकडचे दोघे माझ्याआधीच कामाला लागले होते. दादांचं नाव सतरावं का, हा प्रश्न त्यांनी दादांना न विचारताच सोडवला होता. एकाने दादांना दुसरा, भारीतला फेटा बांधला. दुसऱ्याने हनुवटीला हात लावून म्हटलं, "आता हसा की राव. पोरीचं लगीन हाय, दहावं न्हाई."

दादा हसले नाहीत. फेट्याखाली तोच चेहरा.

समोर व्याही उभे होते. त्यांनी एकदा दादांकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग मी जवळ गेलो आणि आवाज खाली न आणता म्हणालो, "दादा, आयुष्यभर मोठेपणा मिरवलात. आज एक दिवस तोंड नीट करा."

दादांनी मान सावकाश वळवून माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "पानी दे."

मी वाढप्याला खूण केली आणि पुढच्या पाहुण्यांकडे गेलो.

त्यानंतर दोन वर्षं मी गावी गेलो नाही. दिवाळीला फोन करायचो तो वहिनींना. "दादा बरे आहेत ना?" एवढंच विचारायचो, आणि ते जवळ असतील तर गडबडीने फोन ठेवायचो. लग्नाचा अल्बम करताना फोटोवाल्याने विचारलं, "सर, हे मोठे चुलते बऱ्याच फोटोत आहेत, पण चेहरा जरा... ठेवायचे का?" मी म्हटलं, काढा. एका फोटोत ते टोकाला उभे होते, तिथे त्याने कडा कापली. खांद्यावरचा उपरण्याचा एक काठ राहिला, तो आता मला रोज दिसतो. मूळ फोटो मागायला नंतर गेलो, तेव्हा फोटोवाल्याने ते कधीच पुसून टाकले होते. व्हिडिओत मात्र चार सेकंद राहिली आहेत. निवेदक कुणाचं तरी नाव घेतो, कॅमेरा पहिल्या रांगेवरून फिरतो, दादा येतात आणि जातात. आवाज बंद करून मी ती चार सेकंद किती वेळा पाहिली याची मोजदाद नाही. शोधतो कुठलीतरी हालचाल. गालाची, भुवईची. नाही सापडत.

दोन वर्षांनी पुतण्याचा फोन आला. "काका, दादा चालता चालता पडले. नगरला मोठ्या डॉक्टरकडं आणलंय. या म्हणत न्हाई, पण कानावर घालतो." सगळं घर त्यांना दादाच म्हणायचं, मुलगासुद्धा.

मी गेलो. दवाखान्यातल्या बाकावर दादा बसले होते, एक हात मांडीवर ठेवून दिल्यासारखा. चेहरा लग्नातलाच होता. मला वाटलं, अजूनही राग आहे.

डॉक्टर तरुण होते आणि सांगायची घाई नव्हती त्यांना. त्यांनी दादांना बोटं मिटायला-उघडायला लावली, एक ओळ लिहायला लावली. अक्षर ओळीच्या शेवटी मुंगीएवढं झालं. मग ते आम्हाला म्हणाले, "पार्किन्सन आहे. हात थरथरायलाच हवा असं नाही. यांचे स्नायू आखडतात. चेहऱ्याचेसुद्धा. मनातलं मनात तसंच असतं, फक्त ते चेहऱ्यावर येत नाही. घरच्यांना वाटतं माणूस चिडलाय. किती दिवसांपासून चेहरा असा आहे?"

पुतण्या म्हणाला, "ताईच्या लग्नाच्या आधीपास्नं, असं आता वाटतंय."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी भिंतीवरचा मेंदूचा तक्ता बघत होतो.

पुतण्या औषधं आणायला गेला तेव्हा बाकावर आम्ही दोघेच उरलो. मी विचारलं, "दादा, लग्नात तुम्ही माझ्यावर रागावला होता ना?"

त्यांचा आवाज बारीक झाला होता, पण शब्द स्पष्ट होते. "म्या? म्या तर हसत हुतो." मग जरा थांबून, "दिसलं न्हाई व्हय?"

त्यांना माहीतच नव्हतं. आतून ते हसत होते आणि ते हसू बाहेर पोचतंय असं त्यांना वाटत होतं. ते हसत असताना दोन माणसांनी येऊन त्यांना जास्तीचा फेटा बांधला होता, आणि ज्याला शिकवून मोठं केलं तो भाऊ चारचौघांत येऊन तोंड नीट करा म्हणाला होता. का म्हणाला, हे त्यांना दोन वर्षं कळलं नसणार.

मी दर रविवारी गावी जायला लागलो. एसटीच्या पाटीवर आता जिल्ह्याचं नवीन नाव आहे, कंडक्टर मात्र अजून जुन्याच नावाने ओरडतो. दादा ओट्यावर खुर्चीत असायचे. मी पेपर वाचून दाखवायचो, पुढाऱ्यांच्या बातम्या जरा तिखटमीठ लावून. पूर्वी अशा बातम्यांना ते हमखास हसायचे. आता ते ऐकतायत, कंटाळलेत की माझा रागच आहे, हे कळायला काही मार्ग नव्हता.

एकदा वहिनी शेंगा फोडत बसल्या होत्या. मी म्हटलं, "वहिनी, तुम्हाला कसं कळतं यांना काय वाटतंय ते?"

"तोंड बघून कोन वळखतंय?" त्या म्हणाल्या. "चाळीस वर्सं मी चुलीकडं तोंड करून बसायची. त्यांचं तोंड कधी बघितलं? पान्यावरनं कळायचं. राग असला की सोता उठून रांजनातलं पानी घ्यायचे, कुनाला मागायचे न्हाई. मागितलं की समजायचं, मानूस खुश हाय."

वहिनींनी शेंग फोडली, दाणे सुपात टाकले आणि वर न बघता म्हणाल्या, "लग्नात तुमालाच मागितलं हुतं, भाऊजी. मी मागंच हुती."

त्यांनी हे टोमणा म्हणून म्हटलं की नुसतं सांगितलं, तेही मला ओळखता आलं नाही.

लग्नातलं कोडं सुटलं, पण मला हवं होतं ते दुसरंच. लग्नातला राग नव्हता हे ठीक. नंतरच्या दोन वर्षांचा आहे का? आणि आता पाण्याची खूण चालत नव्हती. त्यांना स्वतः उठता येत नव्हतं. मागताही येईना, आवाज घशातच राहायचा. पुतण्या ठरल्या वेळी चमच्याने पाणी पाजायचा. राग असो की नसो, पाणी मिळायचंच.

एका रविवारी मी खुर्ची त्यांच्या अगदी समोर ओढली आणि विचारलं, "दादा, मी दोन वर्षं आलो नाही. मनात आहे का काही?"

ते माझ्याकडे बघत राहिले. पापणी लवत नव्हती. मग त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, दोन्ही गालांवरून सरळ खाली. मला भरून आलं. उत्तर मिळालं असं वाटलं. पण पुतण्याने येऊन मऊ फडक्याने डोळे टिपले आणि सहज सांगितलं, "पापनी हालत न्हाई ना, म्हनून डोळं कोरडं पडून पानी येतं. डॉक्टर म्हनले, दिवसातनं पाच-सात येळा पुसायचं."

दादा उन्हाळ्यात गेले. अंगणात ठेवले तेव्हा जो तो वाकून बघायचा आणि म्हणायचा, "चेहरा बघा कसा शांत हाय. समाधानानं गेले." ज्या चेहऱ्याला याच लोकांनी रुसका ठरवलं होतं, त्यात रेघेचाही फरक नव्हता. एक बाई वहिनींना म्हणाली, "झोपल्यागत दिसतेत, न्हाई?" वहिनी म्हणाल्या, "चार वर्सं असंच दिसत हुते." बाईने पदर तोंडाला लावला आणि ती बाजूला झाली.

दहाव्याला प्रवरासंगमच्या घाटावर प्रवचन झालं आणि मग श्रद्धांजल्या. आमच्याकडे इथेही माइक असतोच. साखर कारखान्याचे एक संचालक उठले. त्यांनी दादांना कधी पाहिलं असेल असं मला वाटत नाही, कारण चिठ्ठी बघून नाव घेतलं. म्हणाले, "कैलासवासी सदैव हसतमुख असायचे." हे वाक्य ते प्रत्येक घाटावर म्हणतात. लोकांनी माना डोलावल्या. एरवी मी मनातल्या मनात त्यांची फजिती केली असती. पण त्या दिवशी लक्षात आलं, आम्हा सगळ्यांत खरं बोललेला माणूस तेवढाच होता.

मग निवेदकाने माझं नाव घेतलं. मी ठरवून आलो होतो. चारचौघांत बोललो होतो, तर चारचौघांतच सांगायचं, की दादा रुसले नव्हते, मी चुकलो, आणि चुकल्यावर दोन वर्षं तोंड फिरवून बसलो. माइक हातात घेतला. समोर दोनशे-अडीचशे माणसं, व्याहीसुद्धा होते. मी "दादा" म्हणालो आणि पुढचं तोंडातून आलं नाही.

निवेदकाने हलक्या हाताने माइक काढून घेतला. "सरांना गहिवरून आलंय," तो म्हणाला. "आपण समजू शकतो."

मला गहिवरून आलं नव्हतं. मी घाबरलो होतो. मी खाली बसलो तेव्हा शेजारच्या गृहस्थांनी धीर द्यायला माझ्या पाठीवर हात ठेवला. मी तो ठेवू दिला.