चहाबरोबर दिलेली बातमी

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, फोनवर आईला नाही, देवापुढे हात जोडते तेव्हाही नाही — तिथेसुद्धा मी घाईने दुसरंच काहीतरी मागून घेते. मग तुम्हालाच का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. किंवा टीव्हीवर ते युद्ध चालू आहे, म्हणून.

इकडे परदेशात, हॅरिस पार्कच्या आमच्या डब्यांच्या किचनमध्ये चपात्यांच्या टेबलासमोर टीव्ही लावलाय. सध्या त्यावर सारखं तेच. त्या मोठ्या देशाचा अध्यक्ष, मग धूर, मग पुन्हा तो. म्हणतो, निर्णय मी घेतला. परवा आमचा डबेवाला ड्रायव्हर हरप्रीत म्हणाला, "बंदा अकेला है, जो मन में आया कर दिया." माझ्या शेजारी लाटणाऱ्या मंदाताई म्हणाल्या, "एकटा कसला? संसद असते की त्यांची. ती काय गोट्या खेळते?" हरप्रीत म्हणाला, इथेसुद्धा तसंच आहे, पंतप्रधानाला फौज पाठवायची तर पार्लमेंटचं मत घ्यावंच लागतं असं नाही. "म्हणजे आमच्या घरासारखंच," मंदाताई म्हणाल्या, "एवढा मोठा सोफा आणला ह्यांनी, मला विचारलं होतं का?"

सगळे हसले. मी हसले नाही. सगळे माइकसमोरच्या माणसाकडे बघतात, मी त्याच्या मागे जे उभे असतात त्यांच्याकडे बघते. खाली मान घातलेला तो कोण? सकाळी याच्या कानाशी कोण लागलं होतं? जे सांगितलं ते खरं होतं का — की घाबरून सांगितलं? मला त्यातल्या एकेकाचा संशय येतो. तुम्ही म्हणाल, चपात्या लाटणाऱ्या बाईला यातलं काय कळतंय? युद्धातलं काही कळत नाही. पण कानाशी लागणं — ते कळतं.

थांबा, नीट सांगते.

माझी शाळा नववीत सुटली, बार्शीला. नवरा डिझेल मेकॅनिक, त्याच्या व्हिसावर मी इथे आले. आले तेव्हा दुकानात पिशवी पाहिजे का विचारलं तरी मला घाम फुटायचा. सगळे ज्यांना काका म्हणतात, त्यांनी मला कामावर ठेवलं. किती शिकलीस, हे विचारलंसुद्धा नाही. हे किचन त्यांचं, आणि आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्षही तेच. बँकेत माझ्याबरोबर तेच आले. पहिल्या थंडीत काकूंनी स्वतःचं जाकीट माझ्या अंगावर घातलं. आजही काकांचं नाव निघालं की माझा हात आपोआप पदर शोधतो, आणि मी तर आता जीन्स घालते. हे उपकार खरे आहेत. पुढचं वाचताना ते विसरू नका — मीही विसरलेली नाही.

दुपारी डबे गेले की काका उलट्या क्रेटवर बसायचे. मी चहा द्यायचे. पहिला घोट झाला की विचारायचे, "काय म्हणतंय पब्लिक?" मग ज्याच्याकडे जे असेल ते त्याने द्यायचं. कुणी स्कोफिल्ड्सला घर घेतलं, कुणाची सासू सहा महिन्यांसाठी आली, आरतीचा मान मिळाला नाही म्हणून कोण रुसलंय. मला इंग्लिश येत नव्हतं, गाडी येत नव्हती. पण हे यायचं. माझ्या बातमीवर काकांनी मान डोलावली की मला वाटायचं, झालं, आपली जागा पक्की.

मग ते मंदाताईंना आधी विचारायला लागले. एवढंच झालं होतं हो. एवढ्याने माणूस घाबरतं का? मी घाबरले.

वैशाली मंडळाची सेक्रेटरी होती. नागपूरची, इंजिनिअर. रविवारी स्वतःच्या गॅरेजमध्ये मुलांचा मराठीचा वर्ग घ्यायची. माझी ओवी जायची. मुलं आत बाराखडी म्हणायची आणि आम्ही आया बाहेर घडीच्या खुर्च्या टाकून चहा प्यायचो. कुणाला सर्दी, कुणाच्या चाइल्डकेअरने पैसे वाढवले, असल्या गप्पा. त्या वर्षी वैशालीने मीटिंगमध्ये विचारलं होतं की मंडळ गणपती करतं, पाडवा करतं, मग चौदा एप्रिलची आमची जयंतीही सगळ्यांनी मिळून का करू नये? हसत हसतच विचारलं होतं. काका म्हणाले, "बघू." ते 'बघू' पुढे कितीतरी दिवस हवेत तसंच राहिलं.

एक दिवस मंदाताई कामावर आल्या नव्हत्या. किचनमध्ये काका आणि मी. त्यांनी विचारलं, "वैशालीकडे रविवारी काय चाललेलं असतं गं?"

काहीच चाललेलं नसायचं. हेच सांगायचं होतं. पण काही नाही म्हटलं की उद्या मला कोण विचारणार? मी म्हणाले, "वेगळं मंडळ काढतायत, काका."

कुठून आलं ते माझ्या तोंडात? कुणी तसं म्हटलं नव्हतं. कुणाच्या मनातसुद्धा नव्हतं.

त्यांनी कप खाली ठेवला. "तू स्वतःच्या कानांनी ऐकलंस?"

"हो काका."

झालं. वैशालीला ग्रुपमधून काढलं. मंडळाच्या हॉलची किल्ली परत मागितली. घराघरात फोन गेले — तुम्ही आमच्याकडून की तिच्याकडून? समितीची मीटिंग झाली. पुरावा काय, असं तिथे एकानेही विचारलं नाही. उलट पोटात दाबून ठेवलेलं बाहेर आलं. "ह्यांचं असंच असतं," असं एक जण म्हणाला. ह्यांचं म्हणजे कुणाचं, ते सगळ्यांना कळलं. मलाही कळलं. मी चहाचे कप गोळा करत होते. लोकांनी मुलं पाठवायची बंद केली. मीही ओवीला पाठवलं नाही — हेही लिहून टाकते. वर्ग बंद पडला, आणि काही महिन्यांनी वैशाली कॅनबेराला गुंगालिनला राहायला गेली. नवऱ्याला तिकडे नोकरी लागली म्हणे. म्हणे!

मग ठरवलं कुणी? लोक म्हणतात, काका हेकट. समितीवाले म्हणतात, काकांनी ठरवलं, आम्ही काय करणार? आणि काका म्हणतात, समितीचा निर्णय आहे. टीव्हीवर आता हेच ऐकते तेव्हा माझ्या हातातलं लाटणं थांबतं.

खरं सांगू? मला काकांचाही संशय येतो. मी 'हो' म्हटलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर राग आला नव्हता. सुटल्यासारखे दिसले ते. जे हवं होतं ते कुणीतरी आणून दिल्यासारखे. रोज चहा घेऊन ते त्याचीच वाट बघत होते का? खोटं आहे हे त्यांना कळलं होतं का? हा विचार मी बरेच दिवस उराशी धरून झोपले. फार ऊब होती त्यात. पण त्यांनी मला सरळ विचारलं होतं. 'नाही' म्हणायला काही शिक्षण लागत नाही. जन्मात पहिल्यांदा काहीतरी मोठं माझ्या एका शब्दावर थांबलं होतं, आणि तो शब्द मी त्यांना आवडेल तसा दिला.

इथेच संपलं असतं तर कदाचित मी हे लिहिलंही नसतं.

गेल्या महिन्यात वैशाली दोन दिवसांसाठी इकडे आली होती, तेव्हा भेटली. फरसाणाच्या दुकानात. तिने मला मिठी मारली. ओवीला म्हणाली, "कशी आहेस गं?" ओवी म्हणाली, "गुड, थँक्स." वैशाली हसली, पण पुरतं नाही. मग मला बाजूला घेऊन म्हणाली, "सुरेखा, एक विचारू? काकांना ते कुणी सांगितलं? मी भांडायला जाणार नाही. एवढी वर्षं प्रत्येकाकडे बघून वाटतं, ही असेल का, हा असेल का. बस, मला कळू दे."

माझा हात तिच्या हातात होता. मी म्हणाले, "मंदाताई असतील."

"मंदाताई? अगं, माझ्या बाळंतपणात लाडू करून आणले होते त्यांनी." तिने माझा हात सोडला. मग मान हलवली आणि पिशवी उचलून गेली.

आता मंदाताई वैशालीला फोन करतात, ती घेत नाही. दोन मेसेज केले, उत्तर नाही. काल लाटता लाटता मला म्हणाल्या, "माझं काही चुकलं असेल का गं?"

"नाही ताई," मी म्हणाले. "तुमचं काही चुकलं नाही."

या सगळ्या प्रकरणात मी खरं बोलले ते एवढंच.