उरलेलं करवंद

गुरुजी प्रश्न विचारायचे आणि गप्प बसायचे. समोरच्या मोठ्या माणसाला घाम फुटावा इतका वेळ. तपासणीला आलेल्या एका साहेबांना ती शांतता सोसवली नाही आणि त्यांनी स्वतःच उत्तर सांगून टाकलं. गुरुजी हात जोडून म्हणाले, "तुमी हुशारच हाय, साहेब. पन मी त्या पोरीला इचारलं होतं." साहेब भले म्हणून हसले.

कशेळ्याच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या एका वाडीवर आमची शाळा. शिक्षक दोघंच, गुरुजी आणि मी. ते कळंबचे, शेतकऱ्याच्या घरातले. मी दहिवलीहून येणारी, नवी आणि उतावळी. माझा अभ्यासक्रम धावायचा आणि त्यांचा मुंगीच्या पावलानं चालायचा, याचा मला राग यायचा. एकदा मी तसं बोलूनही दाखवलं. ते म्हणाले, "बाई, आपली पोरं घरी एक बोलतात, शाळंत दुसरं. त्यांच्या उत्तराला डोंगर उतरून यावं लागतं. येतं, पन वाट बघावी लागते."

शाळेला टीव्ही मिळाला तेव्हा मला वाटलं, जुन्या वळणाचा हा माणूस आता नाक मुरडणार. झालं उलटंच. मुलांना समुद्र दाखवताना तेच सगळ्यात पुढे जाऊन उभे राहिले आणि मागच्यांना काही दिसेना. तक्रार एकच होती. "हा टीवीतला माणूस इचारतो आणि श्वास घ्यायच्या आत सोताच सांगतो. मग इचारतो कशाला?" म्हणून रिमोट कायम त्यांच्या मुठीत असायचा. प्रश्न आला की टीव्ही थांबायचा. त्या एकाच बटणावरची खूण पार पुसून गेली होती.

मग साथ आली आणि शाळा बंद झाली. वाडीवर रेंज नाही आणि घराघरांत बटणांचे फोन, मेमरी कार्डात गाणी भरलेली. गुरुजींनी त्या कार्डालाच हाताशी धरलं. कळंबला घरी बसून ते आपल्या फोनवर पाठ बोलायचे, कार्डात भरायचे आणि कशेळ्याच्या जीपवाल्याबरोबर वर पाठवायचे. वाडीत कुणीतरी फोन ओटीच्या खांबाला टांगायचं आणि भोवती पोरं बसायची. त्या पाठांतही गुरुजी प्रश्न विचारून थांबायचे. मागे त्यांच्या अंगणातल्या कोंबड्या ऐकू यायच्या, एखादी गाय हंबरायची. मग त्यांचा आवाज यायचा, "हां. आता का ते सांग." उत्तर काय आलं हे त्यांना कळायची सोय नव्हती. तरी ते थांबायचे.

शाळा पुन्हा भरली त्या वर्षी त्यांचा आवाज बसला. खडूमुळे असेल, थंडीमुळे असेल, असं म्हणत म्हणत शेवटी गळ्याचा रोग निघाला. स्वरयंत्र काढावं लागणार होतं. ते ऐकून मी रडले. गुरुजींनी मात्र एवढंच विचारलं, "ते कार्डातले पाठ हायत ना?"

पाठ होते. तालुक्यानं ते सगळ्या शाळांना पाठवायचं ठरवलं होतं. पण तयार होऊन आले ते भलतेच. तंत्राचं काम बघणाऱ्या मुलानं मोठ्या कष्टानं कोंबड्या काढल्या होत्या, गाय काढली होती आणि सगळ्या शांततासुद्धा कापल्या होत्या. "रिकामी जागा होती, गुरुजी. पोरं कंटाळतात," तो म्हणाला. त्याचंही काय चुकलं? ऐकणाऱ्याला ती रिकामीच वाटणार. गुरुजी मान खाली घालून ऐकत राहिले. मग फाटक्या आवाजात म्हणाले, "हा मी नाय."

त्या मुलानं मूळ पाठांवरच कात्री चालवली होती, आणि फोनमध्ये जागा नाही म्हणून गुरुजींनी आपल्याकडचे केव्हाच पुसले होते. नवे बोलायला आवाज उरला नव्हता. एक पाठ बोलून पाहिला, तो खोकल्यातच संपला. त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही आणि ते मुंबईला इस्पितळात गेले.

मी वाडीत घरोघर फिरले. जिथं तिथं कार्डात पुन्हा गाणी भरलेली. शेवटी आमच्या वर्गातल्या सखूच्या आईनं फोन पुढे केला. "त्यात गुरुजी हायत, म्हनून मी काय भरू दिलं नाय," ती म्हणाली. एकच पाठ निघाला, भागाकाराचा.

ऑपरेशननंतर गुरुजी एकदाच शाळेत आले, गळ्याभोवती रुमाल बांधून. मी त्यांना खुर्चीत बसवलं आणि तो पाठ लावला. त्यांचा जुना, भरदार आवाज वर्गात आला. "करवंदं सात, भावंडं तिघं. समद्यांना सारखी वाटली. एक उरलं. ते कुनाला?" आणि आवाज थांबला. कोंबड्या, गाय, पुन्हा कोंबड्या. कुणी म्हणालं, बारक्याला. कुणी म्हणालं, ज्यानं तोडली त्याला. मग सखू, जी वर्गात कधी तोंड उघडत नसे, ती हळूच म्हणाली, "आयेला. तिला कुनी दिलीच नाय."

"हां. आता का ते सांग," फोनमधले गुरुजी म्हणाले. खुर्चीतल्या गुरुजींचे ओठ त्याबरोबर हलले. सखूनं का ते आधीच सांगितलं होतं. त्यांनी तिला जवळ घेतलं आणि बराच वेळ सोडलं नाही.

पुढच्या पावसाळ्यात ते गेले. तालुक्याकडून तो एक पाठ आता न कापता सगळीकडे जातो. त्या तंत्राच्या मुलानंच तो जसाच्या तसा चढवला. मला गुरुजींची अजून फार आठवण येते. माझा अभ्यासक्रम हल्ली वेळेवर संपत नाही.

यंदा पुन्हा तो पाठ लावला. गुरुजींना कधीही न पाहिलेली मुलं समोर बसली होती. प्रश्न आला, आवाज थांबला. पुढच्या रांगेतली एक पोर माझ्याकडे वळून म्हणाली, "बाई, बंद पडलं."

"नाही गं," मी म्हटलं. "गुरुजी वाट बघतायत."

ती फोनकडे वळली आणि बोटांवर करवंदं वाटायला लागली.