दिवसाला एकच भरती

छापखान्यात सगळे त्याला उणेमामा म्हणत. त्यातलं 'मामा' जावयाकडून आलं होतं. जावई त्याच खोलीत कामाला, सासऱ्याला मामा म्हणायचा, बाकीच्यांनी तेच उचललं. 'उणे' मात्र त्यानं स्वतःच्या हातानं ओढवून घेतलं होतं.

छापखाना भरती-ओहोटीची कोष्टकं छापायचा. जगातल्या कुठल्या बंदरात कुठल्या दिवशी किती वाजता पाणी चढणार, किती वाजता उतरणार आणि किती मीटर, असे बारीक टायपातले आकडे, पानंच्या पानं. वाचायला कंटाळवाणं, पण चुकीला क्षमा नाही. परमुलखातला कुणी खलाशी तो आकडा खरा धरून जहाज आत घालणार. म्हणून प्रत्येक पान दोघांनी मिळून तपासायचं. एकानं मूळ प्रत मोठ्यानं वाचायची, दुसऱ्यानं समोरच्या प्रुफावर नजर ठेवून ऐकायचं आणि चुकलं तिथं लाल खूण करायची. वाचायला कुणीही चाले. तपासणाऱ्याची खुर्ची मात्र मानाची. खिडकीजवळची, हात टेकायला दांडे असलेली. त्या खुर्चीत मामाची हयात गेली होती. वाचायला अलीकडे जावई बसायचा. साहेबांच्या विनवण्या करून मामानंच त्याला चिकटवला होता.

आता 'उणे'चं सांगतो. समुद्राची उंची मोजायची तर कुठंतरी शून्य धरावं लागतं. ते ओहोटीच्या अगदी तळाशी धरतात, म्हणजे खलाशाची फसगत होत नाही. पण काही दिवशी पाणी त्या शून्याच्याही खाली जातं. मग आकड्याआधी एक आडवी रेघ येते, मुंगीच्या पायाएवढी. मामानं नियम केला होता, की उणे तोंडानं म्हणायचं नाही, वाचणारे ते गिळून टाकतात. उणे आलं की वाचणाऱ्यानं पेन्सिलीनं टेबलावर दोनदा ठोकायचं. ओळ संपली की एकदा. जुने लोक म्हणाले, म्हातारा काटेकोर. नवे म्हणाले, म्हाताऱ्याला उणंदुणं काढल्याशिवाय अन्न पचत नाही. नाव पडलं ते पडलं.

खरी गोष्ट अशी, की मामाला ऐकू येत नव्हतं.

आधी फोनची घंटी गेली, मग पाखरं, मग माणसं. बायको जाताना काहीतरी बोलली होती. तिचे ओठ सुकले होते, नीट हलत नव्हते. मामानं समजल्यासारखी मान हलवली आणि ती गेली. पुढं तो ओठांवरून बोलणं ओळखायला शिकला. पण प्रूफ तपासताना नजर कागदावर हवी, ओठ कसे पाहणार? म्हणून ती ठोकाठोकी. कोपर टेबलाला टेकवून तो बसायचा, आणि पेन्सिलीची ठोक लाकडातून त्याच्या हाडात यायची. ओळ कुठं संपली, उणे कुठं आलं, एवढं कळलं की झालं.

आकड्यांचं काय, असं कुणी विचारेल. आकडे त्याला पाणीच सांगायचं. अमावास्येला आणि पौर्णिमेला सूर्य-चंद्र एका रेषेत येऊन ओढतात, तेव्हा उधाण. चंद्र अर्धा असताना दोघांची ओढ आडवी पडते, तेव्हा भांगाची मरगळलेली भरती. उंची आठवडाभर पायरी-पायरीनं चढते, आठवडाभर उतरते, आणि वेळ रोज पाऊण-एक तासानं पुढं सरकते. या चालीत टाइप जुळवणाऱ्या जुळणीवालीच्या हातून एखादा आकडा उलटा पडला, की तो मामाला गाण्यातल्या बेसूर माणसासारखा दिसायचा. तिथं लाल खूण.

बंदरागणिक चाल निराळी. एका आखातात पाणी चार मजली घराएवढं चढतं. आखाताची लांबीच अशी बरोबर पडली आहे, की आतलं पाणी आपल्या तालात हेलकावतं आणि बाहेरची भरती त्याला झोपाळ्यासारखा वेळेवर धक्का देते. जमिनीनं वेढलेला एक समुद्र वीतभरही हलत नाही. एका बेटावर चंद्राची ओढ जवळजवळ पुसली जाते, उरते ती सूर्याची, म्हणून तिथं भरती रोज दुपारी आणि मध्यरात्री, ठरल्या वेळेला. एका नदीत समुद्र भिंतीसारखा उभा राहून उलटा शिरतो. हे सगळं मामाला पाठ. समुद्र त्यानं प्रत्यक्ष दोनदाच पाहिला होता, आणि दोन्ही वेळा ओहोटी होती.

कानांचं बाहेर फुटलं असतं तर खुर्ची गेली असती. खुर्ची गेली की घरी बसणं आलं, आणि घर मामाचं असलं तरी राज्य लेकीचं होतं. लेकीला सगळं ठाऊक होतं. बापाकडे पाठ करून ती त्याच्याबद्दल काहीही बोलायची. एकदा जेवताना ती नवऱ्याला म्हणाली, "आज दाराची बेल वाजून वाजून गप्प झाली. बाबा दाराला टेकून पेपर वाचत बसलेले."

जावयाचा घास हातातच राहिला. "म्हणजे ऐकूच येत नाही?"

"ठणठणीत बहिरे. आई होती तेव्हापासून. कुठं बोलू नका हं."

"अगं, मग दिवसभर मी वाचतो ते कोण ऐकतं?"

"तुम्हीच," लेक म्हणाली, आणि दोघं इतकी हसली की मामानं मान वर करून विचारलं, "काय झालं?"

"काही नाही, बाबा. जेवा."

दुसऱ्या दिवशी जावयानं परीक्षा पाहिली. आवाज तोच, सुरावट तीच. "चार पॉइंट एक. चार पॉइंट तीन. मामा, तुमची विजार मागं फाटलीये. चार पॉइंट सहा." ठक. मामाची पेन्सिल शांतपणे पुढच्या ओळीवर गेली. मशीनवाल्यानं मान वळवली. जुळणीवाली तोंडावर हात धरून टेबलाखाली वाकली.

मग रोजचाच खेळ झाला. "दोन पॉइंट नऊ, म्हातारा मरत का नाही, दोन पॉइंट सात." ठक. मशीनवाला म्हणायचा, "आमच्याकडून पण एक जाऊ दे रे." मग त्याची शिवी सात पॉइंट दोन आणि सात पॉइंट चार यांच्या मधे बसायची. जुळणीवालीनं आधी नको-नको केलं, मग तिनंही एक सांगितली, आणि ती सगळ्यांत घाण निघाली. मामाला बनवायला कष्टच नव्हते, तो आधीचाच मामा, असं म्हणून हसणं चालायचं. मामाला खोलीतली माणसं हसताना दिसायची. हल्ली मंडळी खुशीत असतात, असं त्याला वाटायचं. तोही जरा हसायचा.

खेळाचाही कंटाळा येतो. जावयाला आता खुर्ची हवी होती. तो साहेबांकडे गेला.

"बहिरे?" साहेब म्हणाले. "अरे, त्यांच्या हातून आजवर एक चूक सुटलेली नाही."

"साहेब, मी मुद्दाम चुकीचं वाचतो, तरी त्यांना पत्ता नसतो."

"ते तुझं वाचणं चुकलं. माझ्या लेखी त्यांचं तपासणं चुकलं पाहिजे. ते दाखव, मग बोल. आणि सासरे आहेत रे तुझे."

"म्हणून तर काळजी वाटते, साहेब."

चूक काही सापडेना. मामा प्रुफातल्या चुका एकेक करून वेचायचा आणि जावई दात-ओठ खात ठोकत राहायचा. तेवढ्यात नव्या बंदराचं काम आलं.

ते बंदर मामाला माहीत नव्हतं. त्याच्या शेजारचं, त्याच किनाऱ्यावरचं, तोंडपाठ होतं. तिथं जगातल्या बहुतेक बंदरांसारखं दिवसाला दोन भरत्या, दोन ओहोट्या. या नव्याचा प्रकार वेगळा होता. समुद्राचा प्रत्येक खळगा टबासारखा असतो, त्यातल्या पाण्याला स्वतःचा एक हेलकावा असतो. या बंदरापुढचा खळगा असा होता, की दिवसातून दोनदा येणाऱ्या ओढीला तो दादच देत नव्हता; एकदा येणाऱ्या ओढीलाच हलायचा. म्हणून तिथं दिवसाला एकच भरती, एकच ओहोटी. मूळ प्रतीच्या माथ्यावर तशी सूचना होती. प्रुफात ती नव्हती, कारण जुळणीवाली सूचना शेवटी जुळवायची. ती ऐकूनच कळायची.

जावयानं सूचना वाचली. घाई न करता, खणखणीत आवाजात वाचली, आणि परत एकदा वाचली. "या बंदरात दिवसाला एकच भरती आणि एकच ओहोटी." सगळ्यांच्या माना वर झाल्या. मामाची मान खाली होती.

मामानं पान पाहिलं. दर दिवसाला चार ओळी असायच्या तिथं दोनच. पुढच्या दिवशी दोनच. त्यानं पान उलटलं, तिथंही तेच. एकभरतीची बंदरं जगात थोडी आहेत हे त्याला माहीत होतं, पण ती कुठल्या कुठं; इथं तर शेजारी, एवढ्याशा अंतरावर, दोन भरत्या. समुद्र काय गल्ली बदलली की वागणं बदलतो? अख्खं बंदर अर्धं गळलं होतं, आणि ते त्यानं पकडलं होतं. एवढी मोठी चूक त्याला आजवर कधी सापडली नव्हती.

तो तारखेमागून तारखेला लाल शेरा मारत सुटला: दोन ओळी गळल्या. दोन ओळी गळल्या. जावई वाचत राहिला, ठोकत राहिला; ठोकाही दिवसाला दोनच येताहेत, हे त्या भरात मामाच्या ध्यानात आलं नाही. मशीनवाल्यानं मशीन बंद केलं आणि मागं येऊन उभा राहिला. जुळणीवाली आली. मामाला वाटलं, आपली कमाल बघायला आले.

"काय बाई," तो तिला म्हणाला, "जुळणी करताना झोप लागली होती का?"

"चुकलंच, मामा," ती ओठ नीट हलवून म्हणाली. "बरं झालं तुम्ही आहात."

"जावईबापू, बघता ना?"

"बघतोय ना, मामा. मारा. एकही सोडू नका."

लाल झालेली पानं मामा स्वतःच साहेबांकडे घेऊन गेला. सदऱ्याची वरची गुंडीसुद्धा लावली. मागोमाग जावई मूळ प्रत घेऊन. साहेबांनी पानं पाहिली, सूचना पाहिली, परत पानं पाहिली. त्यांच्या चेहऱ्यावर आधी वाईट वाटल्यासारखं काहीतरी आलं. जावई वाकून म्हणाला, "तोंडापुढं कागद धरून बोला, साहेब. मग कळेल."

साहेबांनी एक लाल पान उचललं आणि तोंडापुढं धरलं. मामाला फक्त कपाळ आणि डोळे दिसू लागले. काहीतरी विचारलं जातंय हे त्याला कळलं. आजच्या दिवशी विचारून काय विचारणार?

"आजपासून तुम्हाला खुर्चीवरून काढलं तर चालेल ना, मामा?"

"हो साहेब," मामा हसून म्हणाला. "माझं कामच आहे ते."

दारात जमलेली मंडळी हसून वेडीवाकडी झाली. साहेबांना आवरायला हवं होतं, पण कागदामागं त्यांचेही खांदे हलत होते. मामानं वळून पाहिलं. सगळी तोंडं उघडी, कुणी भिंतीला धरलेलं, जावयाच्या डोळ्यांत पाणी. तो पुन्हा साहेबांकडे वळला तेव्हा साहेबांनी कागद खाली घेतला होता आणि सूचनेवर बोट ठेवलं होतं.

मामानं ती वाचली. मग आपली लाल अक्षरं वाचली, खालपर्यंत. गुंडी लावलेल्या गळ्याशी त्याचा हात गेला आणि तिथंच राहिला.

साहेब दुष्ट नव्हते. त्यांनी माणूस काढला नाही. "वाचायला कुठं कान लागतात?" ते म्हणाले. "जागांची अदलाबदल करा."

घरी लेकीनं नवऱ्याला खुर्चीबद्दल शाबासकी दिली आणि बापाला समोर उभं राहून, ओठ नीट हलवत सांगितलं, "बाबा, मनाला लावून घेऊ नका. आता जोखीम नाही डोक्याला."

आता मामा वाचणाऱ्याच्या बाकावर बसतो आणि वाचतो. पहिल्या दिवशी तो एवढ्या मोठ्यानं ओरडला, की रस्त्यावरची माणसं खिडकीशी थांबली. आपला आवाज केवढा आहे हे त्याला कळायला मार्ग नव्हता. जावयानं तळहात खाली दाबून खूण केली: हळू. मामानं आवाज उतरवला. मशीनवाल्यानं खूण केली: अजून हळू. त्यानं अजून उतरवला. जुळणीवालीनं ओठांवर बोट ठेवलं. कुणालाही त्रास व्हायला नको म्हणून तो उतरवतच गेला.

त्या दिवसापासून त्याच्या तोंडातून आवाज येत नाही. ओठ हलतात, बोट ओळीवरून सरकतं. जावई दांड्यांवर हात टाकून खिडकीबाहेर बघतो आणि अधूनमधून प्रुफावर बरोबरची खूण करतो. त्याला सोयीचंच आहे. खोलीत शांतता असते. मामा सगळ्या जगाचं पाणी मन लावून वाचतो, एकही आकडा गाळत नाही, आणि आपलं वाचणं कुणाला ऐकू जात नाही, हे त्याला अजून कुणी सांगितलेलं नाही.