स्वाइन फ्लूच्या सुट्टीत बाबांनी जे वाचलं

स्वाइन फ्लूमुळे मी शिकवत होते ती नाशिकची शाळा आठवडाभर बंद राहिली, तेव्हा मी बाबांना इंटरनेट शिकवलं. आई तीन वर्षांपूर्वी न्यूमोनियाने गेली होती. त्यानंतर नांदगावचं घर बंद करून बाबा माझ्याकडे राहायला आले. निवृत्त मुख्याध्यापक; रिकामं बसणं त्यांना जमत नसे, आणि त्या दिवसांत बाहेर पडायचीही सोय नव्हती. मेडिकलमधले मास्क संपले होते. लोक तोंडाला रुमाल बांधून फिरत.

मी रोज साठ मुलांत वावरते, तर आजाराची नीट माहिती घरात हवी, असं त्यांचं म्हणणं. पहिल्या दिवशी एका बोटाने अक्षरं शोधत त्यांनी लक्षणं वाचली आणि वहीत उतरवून घेतली. मग सकाळचा चहा झाला की जे बसत, ते जेवायलाच उठत. जरा घसा खवखवला तरी थर्मामीटर मागत. मला गंमत वाटायची. मैत्रिणींना फोनवर सांगून मी हसलेही.

चौथ्या दिवशी दुपारी मी मेथी निवडत होते. आतून कीबोर्डचा आवाज बराच वेळ आला नाही, म्हणून डोकावले. बाबा भिंतीकडे बघत बसले होते. काय झालं विचारलं, तर त्यांनी पडद्यावरच्या एका ओळीवर बोट ठेवलं. ओठ निळसर दिसले तर थांबू नका, रुग्णाला लगेच हॉस्पिटलमध्ये न्या, असं इंग्रजीत लिहिलं होतं.

"तुझ्या आईचे तसे दिसत होते," ते म्हणाले. "आदल्या दिवशी. मला वाटलं, जांभळं खाल्लीत तिने."

मी समजूत घातली. आपण काही डॉक्टर नाही, तुम्हाला कसं कळणार, असं बरंच बोलले. त्यांनी मान हलवली. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आता ते स्वाइन फ्लूचं काही वाचत नव्हते. किती तासांत नेलं तर माणूस वाचतो, एवढंच शोधत होते. एका पानाने थोडा धीर दिला, की पुढचं पान तो काढून घेई. ताटातली अर्धी पोळी तशीच राहू लागली. शेवटी मी कनेक्शन काढून टाकलं आणि लाइन बिघडली म्हणून खोटंच सांगितलं. दुरुस्त कधी होईल, असं त्यांनी एकदाही विचारलं नाही.

शाळा सुरू झाली, हळूहळू लोकांच्या तोंडावरचे रुमाल गेले. बाबा पुढे चार वर्षं होते. आईचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

मी काढायला हवा होता. आई गेली त्याच्या आदल्या संध्याकाळी मी तिच्याशी फोनवर बोलले होते. दर दोन शब्दांनी थांबून ती श्वास घेत होती. मला वर्गाचं वेळापत्रक लावायचं होतं. आराम कर म्हणाले आणि फोन ठेवला. एवढं सांगितलं असतं, तर ते ओझं बाबांनी एकट्याने वाहिलं नसतं. माझी हिंमत झाली नाही.