केंद्रकातल्या दोघी

मी जर्मनीला निघाले त्या दुपारी आई विमानतळावर आली नाही. गास गावातल्या आमच्या घराच्या गच्चीवर सोललेली राजेळी केळी सुकेळीसाठी वाळत होती आणि आभाळ भरून आलं होतं. "उनाचा काय नेम नाय. तू जा बाय," ती वरूनच म्हणाली. तिच्यासोबत ताडपत्रीचं दुसरं टोक धरून माझी नवी वहिनी उभी होती, आचोळ्याच्या फ्लॅटमध्ये वाढलेली, केळी वाळवणं कधी न पाहिलेली. ते टोक माझं होतं. तेव्हापासून मला वहिनीचा हेवा वाटतो. तीही हे वाचेल, तरी लिहिते.

इथे सेमिस्टरच्या सुरुवातीला मी पोरांना न्यूक्लिऑन शिकवते. प्रोटॉन आणि न्यूट्रॉन, दोघांचं मिळून एक नाव. एकावर विद्युतभार, दुसऱ्यावर नाही. पण अणूच्या केंद्रकात त्यांना धरून ठेवणारं बल हा भेद जवळजवळ मानतच नाही. म्हणून फरक करायची गरज नसली की नुसतं न्यूक्लिऑन म्हणायचं. केंद्रकातून एकटा बाहेर पडलेला न्यूट्रॉन मात्र थोड्याच वेळात न्यूट्रॉन राहत नाही. हे वाक्य मी पटकन उरकते.

फोनवर आई बोलता बोलता वहिनीवर ओरडते, "अगं ए बये, गच्चीवरची केली कवाची पालटायची होती!" माझ्याशी मात्र मऊ मऊ, "जेवलीस का बाय?" लोकांना वाटेल, केवढे लाड! मला ते पाहुण्यांसाठी काढलेल्या कपबशीसारखं वाटतं.

गेल्या हिवाळ्यात घरी गेले. हौसेने गच्चीवर चढले आणि भांडी घासून आलेल्या ओल्या हातांनीच केळी पालटत सुटले. ओला हात लागला की सुकेळी बुरसते, हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं. आईने पाहिलं. "ऱ्हाऊ दे बाय, तुला आता सवय नाय." मला रडूच आलं.

वहिनी मात्र उसळली. "ताई, ओले हात? अख्खी चटई वाया घालवलीत! अक्कल काय तिकडेच ठेवून आलात?"

मीही सोडलं नाही. तिने पाठवलेली सुकेळी कशी चामड्यासारखी चिवट होती, ते सुनावलं. आमचे आवाज चढले तशी आई कडाडली, "गप ऱ्हावा! दोघी मेल्या सारख्याच, एकीलाबी अक्कल नाय! व्हा खाली!"

आम्ही मुकाट खाली उतरलो. घर म्हणजे आता मला आईची ती शिवीच वाटते. त्या शिवीतली अर्धी वहिनीच्या वाट्याला गेली, याचा मात्र अजून जळफळाट होतो.