मोटारीच्या खोलीपुढच्या रबरी चपला

तुम्ही दिवाळीत याल तेव्हा बागेतल्या मोटारीच्या खोलीपुढे रबरी चपलांचा एक जोड दिसेल. तो तिथून हलवू नका. का, ते लिहून ठेवते.

आपल्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही. आलं की हौदात साठवायचं आणि मोटार लावून गच्चीवरच्या टाकीत चढवायचं. हौदालगतच्या पत्र्याच्या खोलीत ती मोटार आहे. बागकामाला शेंद्र्याहून येणारी बाईच ती लावते. खंडेनवमीला तिनं मोटारीला हळदकुंकू वाहिलं, वर खंडोबाची तसबीर टांगली, आणि तेव्हापासून ती चपला बाहेर काढून आत जाऊ लागली. मोटार सुरू झाली की तिला हात लावून पाया पडायची.

उन्हाळ्यात एकदा म्हणाली, "आजी, हात लावला की मुंग्या येत्यात. देव लई जागा हाय."

तुमचे आजोबा बूट घालून गेले, चालू मोटारीवर हात ठेवून परत आले. "काही नाही. मला तर देवानं ओळखसुद्धा दाखवली नाही."

"बुटं घालून गेल्यावर कशाला दाखवंल, आबा?"

दोघं हसली. तिनं थट्टा केली होती, पण रबरी तळव्यातून वीज जात नाही, म्हणजे बोलली ते खरंच होतं. मी वायरमनला निरोप दिला आणि तोवर मोटार लावू नका म्हणून दोघांनाही सांगितलं.

वायरमन यायच्या आधी नळ आला. हौद भरून पाणी खोलीत शिरलं. ते वाया जाताना तिला बघवेना. अनवाणी आत जाऊन तिनं मोटार लावली आणि सवयीनं हात ठेवला. किंकाळी ऐकून आजोबा धावले. "तिला हात लावू नका!" मी ओरडले आणि घरातला मेन स्विच पाडला. मगच आम्ही तिला बाहेर काढलं. श्वास चालू होता. ती रात्र तिनं दवाखान्यात काढली.

मोटारीची अर्थिंगची वायर पूर्वी जमिनीत गेलेल्या लोखंडी पाइपला बांधलेली होती. तो पाइप बदलून प्लॅस्टिकचा घातला, तेव्हा प्लंबरनं तीच वायर प्लॅस्टिकच्या पाइपला नीट गुंडाळून ठेवली. मोटारीतून गळणारी वीज जमिनीत जायला वाटच उरली नव्हती. वायरमननं मोटारीतली गळती दुरुस्त केली, खड्डा खणून कोळसा-मीठ घालून नवं अर्थिंग केलं, आणि वीज गळली की आपोआप पडणारा स्विच बसवला.

बाई कामावर परतली तेव्हा मी तिच्यापुढे नव्या रबरी चपला ठेवल्या.

"देवापुढं पायतान? नाय जमायचं, आजी."

"मग देवाला बाहेर बसवू."

"तुमी नका काढू. मीच काढीन. ऐतवारी."

रविवारपर्यंत मोटार बंद राहिली. आम्ही हौदातून बादल्यांनी पाणी शेंदलं. रविवारी तिनं कडुनिंबाखाली तसबीर मांडली, भंडारा उधळला, नारळ फोडला. मग चपला घालून खोलीत गेली आणि मोटार लावली. बराच वेळ तिच्याकडे नुसती बघत उभी राहिली. शेवटी एक बोट टेकवलं.

"आबा," ती आतून ओरडली, "आता मलाबी ओळख दाखवंना!"