पावणेदोन तासांचं नागपूर

मी आठवीत शाळा सोडली. बंगळुरात मारतहळ्ळीच्या एका मराठी मेसमध्ये अकरा वर्षं स्वयंपाक करतोय. मेसच्या मालकीणबाई पुण्याच्या, आम्ही त्यांना ताई म्हणतो. मी टायफॉइडनं पडलो तेव्हा दवाखान्यात त्याच बसून राहिल्या होत्या, ते विसरण्यासारखं नाही. त्यांच्यापुढं माझं तोंड उघडत नाही ते म्हणूनच.

भाचीचं लग्न ठरलं. आमच्यात मामानं हात धरून आणल्याशिवाय नवरी बोहल्यावर जात नाही, आणि तिला सख्खा मामा मी एकटाच. चार दिवसांची सुट्टी मागितली.

"चार दिवस कशाला? ट्रेननं हजार-बाराशे किलोमीटर खडखडत जाणार का?" ताईंनी फोन माझ्यापुढं धरला. "हे बघ, बंगळूर-नागपूर पावणेदोन तास. सकाळचा नाश्ता लाव, लग्न लाव, रात्री परत. तिकीट माझ्याकडून."

माझे डोळे भरून आले. बहिणीला फोन केला तर मांडवभर बातमी, "भाऊ विमानानं येऊन राह्यला!"

विमान साडेनऊचं, मुहूर्त बारा चाळीसचा. सव्वाअकराला नागपूर, म्हणजे दीड तास हातात. आता सांगायलाही लाज वाटते. इथं कुणी गाव विचारलं की मी नागपूर सांगतो, आमचं खेडं कुणाला माहीत असणार? सांगून सांगून माझंच गाव माझ्या मनात नागपुरात जाऊन बसलं होतं. लग्न आमच्या खेड्यात, पण नागपूरपासून पुढचे ऐंशी किलोमीटर मी धरलेच नाहीत.

पहाटे इडल्या लावून निघालो. विमान वेळेवर सुटलं, वेळेवर उतरलं. उतरल्यावर बहिणीला फोन लावला, "पोचलो गं!"

"कुठं?"

"नागपुरात."

पलीकडं बँडचा आवाज. मग ती म्हणाली, "नागपुरात कोणाचं लग्न आहे भाऊ?"

तेव्हा ते ऐंशी किलोमीटर आठवले. रिक्षा, मग एसटी. आमच्याकडं लग्नं कधी वेळेवर लागत नाहीत, एवढाच आधार होता. पण या वेळी हॉल संध्याकाळी दुसऱ्यांना दिलेला. एसटी अर्ध्या वाटेत असताना भाऊजींचा फोन आला. "किती थांबू? पोरगी खोलीतून निंगत नाही. मामा येतेच म्हणते."

"लावून घ्या," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

माझ्या चुलतभावानं तिचा हात धरला. मी पोचलो तेव्हा शेवटची पंगत बसली होती. भाची पाया पडली. रडून रडून तिचं काजळ गालावर उतरलं होतं.

पानावर बसलो तोच ताईंचा मेसेज आला. पोचलास ना वेळेत? उद्या नाश्त्याला उपमा ठेव.

'हो ताई, वेळेत पोचलो. लई उपकार,' मी लिहिलं.

बहीण वाढायला वाकली होती, तिनं ते वाचलं. पानात जिलेबी टाकली आणि म्हणाली, "खाऊन घे लवकर. तुला तर आत्ता निघावं लागन."

तिचं खरंच होतं. परतीच्या विमानासाठी मला तीनच्या एसटीनं निघायचं होतं.